मधलीची शेळी

घरी तिला मधली म्हणत, कारण ती तीन बहिणींतली मधली. स्टुडिओतही मधलीच म्हणत, कारण तिथे ती मधली चित्रं काढायची. हा योगायोग गेली सत्तावीस वर्षं कुणी ना कुणी, जणू त्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा, तिला ऐकवत आलं होतं. तीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसत आली होती. समोरच्याचा हिरमोड करायचा नाही हा तिचा स्वभाव, आणि स्वभावाला औषध सापडेपर्यंत तिचं वय पन्नास ओलांडून गेलं.

मधली चित्रं म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. पडद्यावरच्या कुत्र्याने शेपटी हलवली, तर शेपटी डावीकडे असल्याचं एक चित्र आणि उजवीकडे असल्याचं दुसरं चित्र, ही दोन मुख्य चित्रं स्टुडिओतली मोठी माणसं काढतात आणि चहा प्यायला जातात. त्या दोहोंच्या मधली पाच, सात, अकरा चित्रं, ज्यांच्यामुळे शेपटी खरोखर हलते, ती मधलीने काढायची. काचेखाली दिवा लावलेलं टेबल, त्यावर कागदावर कागद, वरच्या कागदातून खालची रेघ दिसते, तिच्या जरा पुढे आपली रेघ. काम इतकं सफाईचं, की तिचं एकही चित्र प्रेक्षकांच्या नजरेत भरलं नाही. नजरेत भरलं असतं तर काम फसलं असं झालं असतं. सत्तावीस वर्षं बाईने आपण दिसू नये म्हणून जिवाचं रान केलं, असं म्हटलं तरी चालेल.

ती आणि तिची थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत; धाकटी केव्हाच सासरी गेली होती. मधलीचा संसार अडीच वर्षांत आटोपला होता. त्याबद्दल दोघी बोलत नसत, तेव्हा आपणही बोलायला नको. थोरलीने लग्न केलंच नाही. वेळच मिळाला नाही, असं ती सांगते, आणि ते खरंही आहे. वडील गेले तेव्हा ती अठराची होती. दुसऱ्या महिन्यात ती टपाल कार्यालयात पत्रं लावायला लागली, आणि मधलीला चित्रकलेच्या शाळेत घातलं ते तिनेच. निवृत्त होईपर्यंत पत्ते वाचून वाचून तिचे डोळे असे तयार झाले, की समोरचा माणूस खोटं बोलायला तोंड उघडायचा आणि हिला ते कुठल्या गल्लीतून येतंय ते कळायचं. तिची एकच तक्रार होती, आणि ती ती वर्षातून दोन-तीनदा, बहुधा भांडी घासताना, करायची.

"सगळ्या जगाची चित्रं काढलीस. कुत्री काढलीस, माकडं काढलीस, मागे एकदा भोपळासुद्धा काढलास. माझं एक काढलं नाहीस."

"तू एका जागी बसशील तर काढू ना."

"बसले की काम कोण करेल?" असं म्हणून थोरली उठायची, आणि तो विषय पुढच्या भांड्यांपर्यंत तहकूब व्हायचा.

तर अशा या मधलीला एके दिवशी दिग्दर्शकाने केबिनमध्ये बोलावलं. सहा मिनिटांचा लघुपट करायचा होता. अंगणात कोंडलेली एक शेळी. ती कडी काढून बाहेर जाते. मालक अडसर लावतो, ती अडसर काढते. मालक दोरीच्या गाठी मारतो, ती गाठी सोडते. शेवटी मालकच आत अडकतो आणि शेळी येऊन त्याला सोडवते. सबंध चित्रपटात एक शब्द बोलायचा नाही.

"शेळी हुशार आहे," दिग्दर्शक म्हणाला. "पण हे कुणी सांगणार नाही. ते दिसलं पाहिजे. बाई, ही शेळी तुम्ही घडवायची. चेहरा, चाल, सगळं. मुख्य चित्रंही तुमचीच."

मधलीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"सर, मी मधली चित्रं काढते."

"मला माहीत आहे. मीच पगारपत्रकावर सही करतो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची जनावरं चालवलीत, आता एक स्वतःचं चालवा. तीन आठवडे आहेत. तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भिंतीने पास केलं तर शेळी तुमची. नाही केलं, तर तो बाहेरचा पोरगेला चित्रकार त्याचा कोल्हा घेऊन तयारच बसलाय. मग शेळीचा कोल्हा होईल आणि त्याची मधली चित्रं तुम्ही काढाल."

भिंत ही त्या स्टुडिओची खास रीत होती. कुठलंही नवं पात्र आधी चहाच्या खोलीतल्या भिंतीवर टाचायचं. त्याच्याखाली एक कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. ज्याला वाटेल त्याने, ध्वनिमुद्रकापासून लिफ्टवाल्यापर्यंत, त्या पात्राकडे पाहून मनात येईल तो एक शब्द लिहायचा. चित्रकाराने काही समजावून सांगायचं नाही, खोलीत घुटमळायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. पात्र जे असायला हवं तो शब्द तीन जणांनी आपणहून लिहिला की पात्र पास. मधलीला तीन वेळा "हुशार" हवं होतं.

संध्याकाळी तिने थोरलीला बातमी दिली आणि कुणाला सांगू नकोस असं बजावलं. थोरलीने ते मनावर घेतलं. म्हणजे तळमजल्यावरच्या शिंप्याला सांगताना तिने त्यालाही कुणाला सांगू नका असं बजावलं. दोन दिवसांत सबंध इमारतीला कळलं, की मधलीची शेळी पडद्यावर येणार. जिन्यात भेटेल तो "काय म्हणते शेळी?" असं विचारू लागला, आणि मधली दोन-दोन पायऱ्या एकदम चढू लागली. उद्या कोल्हा आला तर या जिन्यातून वर कसं यायचं?

पहिली शेळी तिने चष्मा घालून काढली. हुशार म्हणजे चष्मा, एवढी साधी गोष्ट. भिंतीवर लोकांनी लिहिलं: मास्तरीण. आत्या. मास्तरीण. दुसऱ्या शेळीचा चष्मा काढून तिने डोळे तिरके केले. भिंत म्हणाली: लबाड. लबाड. चोर. तिसरीला मोठं थोरलं कपाळ दिलं, तर कुणीतरी "डोकेदुखी" लिहिलं आणि त्याच्याखाली दुसऱ्याने "गोळी घे" असं लिहून रीत मोडली. तिन्ही कागदांवर एक शब्द मात्र न चुकता होता: उपाशी. हा चहा करणाऱ्या मावशींचा शब्द. मावशी कुठलंही पात्र पाहून उपाशीच लिहायच्या. त्यांनी राजाला उपाशी लिहिलं होतं, राक्षसाला उपाशी लिहिलं होतं, भोपळ्यालाही लिहिलं होतं. त्यामुळे त्यांचं मत कुणी मोजत नसे.

दिग्दर्शकाने एकदाच येऊन चित्राकडे पाहिलं.

"शेळीला दाढी असते?" त्याने विचारलं.

"असते," मधली वैतागून म्हणाली. "तुमच्यापेक्षा दाट."

म्हणजे पाहा, बाई किती टेकीला आली होती.

पहिल्या आठवड्यानंतरच्या रविवारी ती गावाबाहेर एका शेळ्या पाळणाऱ्या बाईकडे गेली. कुंपणापाशी उलट्या बादलीवर बसून तिने दिवसभर शेळ्या पाहिल्या. शेळीच्या डोळ्यातलं बुबुळ आडवं असतं, पत्रपेटीच्या फटीसारखं, हे तिने टिपून घेतलं. खालचा जबडा वरच्याच्या सरळ खाली कधीच नसतो, चावताना डावीकडून उजवीकडे फिरतो, हेही टिपलं. एका पांढऱ्या शेळीचा कान काढण्यात ती इतकी गुंगली, की त्याच शेळीने कधी कडी काढली आणि बाकीच्या सहाजणी कधी पसार झाल्या ते तिला कळलंच नाही. मग ती आणि शेळीवाली, दोघी मिळून तासभर शेळ्यांच्या मागे पळाल्या.

"अहो, तुम्ही समोरच बसला होतात ना?" शेळीवालीने धापा टाकत विचारलं.

"मी कान काढत होते हो."

"कान कुठे पळून चालला होता?" शेळीवाली म्हणाली.

पण त्या दिवसाने तिचं एक काम झालं. चष्मा गेला, तिरके डोळे गेले, कपाळ आपल्या जागेवर आलं. उरली एक साधी शेळी. लांबट तोंड, दाढी, आडवी बुबुळं, वाकडा जबडा. हुशारी चेहऱ्यात नको, वागण्यात हवी, असं तिने ठरवलं, आणि कागदावर पेन्सिलीने पहिला प्रसंग हलवून पाहिला: शेळी चावते आहे, तिची नजर कडीकडे जाते, ती पुढे होते आणि ओठांनी कडी काढते. बारा सेकंदांचा तुकडा. मुख्य चित्रं तिची, मधली चित्रंही तिची. सेकंदाला बारा चित्रं या हिशेबाने तिने आठवडाभर मान वर न करता काढलं. एकेक रेघ अशी, की हात फिरवावासा वाटेल.

शेवटच्या बुधवारी तो तुकडा चहाच्या खोलीतल्या छोट्या पडद्यावर लागला आणि संध्याकाळी कागद हाती आला. गोड. मऊ. रेशमी. झोप. उपाशी.

मधली खुर्चीत बसली ती बसलीच. दिग्दर्शकाला दया आली असावी, कारण तो स्वतः तिच्या टेबलापाशी आला.

"बाई, इतकी सुंदर शेळी या स्टुडिओत कुणी हलवलेली नाही. खरंच सांगतो. पण ती इतकी छान हलते, की विचार कधी करते तेच कळत नाही. चावता चावता नजर गेली, नजर जाता जाता पाय निघाला. पाणी वाहतं तसं. शुक्रवारपर्यंत वेळ आहे." आणि जाता जाता, नको ते, तो म्हणाला, "कोल्हेवाल्याला शनिवारी बोलावून ठेवलंय."

त्या संध्याकाळी जिन्यात शिंप्याने "काय म्हणते शेळी?" विचारलं तेव्हा मधली "बरी आहे" म्हणाली. थोरलीलाही तिने तेच सांगितलं.  थोरलीने मधलीच्या ताटातली भाजी न विचारता वाढवली, आणि मधलीला रडू आलं. सत्तावीस वर्षांत तिला स्वतःचं असं काही हवंसं वाटलं नव्हतं. आता वाटलं होतं, आणि ते वाटू दिलं याचाच तिला राग आला होता.

गुरुवारी सकाळी दोघी बहिणी टेबलाशी बसल्या होत्या. थोरलीपुढे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, एका हातात पेन, दुसऱ्या हातात टोस्ट. मधली चहा थंड करत तिच्याकडे उगाच पाहत होती. थोरलीचं चावणं चालू होतं, कर्र कर्र, लयीत. आणि मध्येच थांबलं. जबडा डावीकडे सरकलेला होता, तो तसाच राहिला. पापणी हलली नाही. हातातला टोस्ट हवेत तसाच. मग फक्त डोळे उजवीकडे गेले, कोड्याच्या एका कोपऱ्यावर. मग चावणं पुन्हा सुरू झालं, आणि त्यानंतर, अगदी निवांतपणे, पेन टेकवून तिने शब्द लिहिला.

मधलीने कप खाली ठेवला. हे तिने हजारदा पाहिलं होतं. लहानपणी आपण फुलदाणी मांजराने फोडली असं सांगितलं तेव्हा पाहिलं होतं. नापास झाल्याचं प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवलं तेव्हा पाहिलं होतं. ताईचं चावणं थांबलं की आपलं काही खरं नाही, हे दोघी धाकट्या बहिणींना कळायचं. त्या थांबण्यात ताई काहीच करत नसे, आणि तेवढ्यात तिला सगळं कळलेलं असे.

"ताई, पुन्हा कर."

"काय करू?"

"काही नाही. तू कोडं सोडव. आणि खा. खात राहा."

पुढच्या पाच शब्दांत थोरलीचं चावणं तीनदा थांबलं. मधली टेबलाच्या कडेवर बोटाने मोजत होती. दर वेळी जवळजवळ एक सेकंद. पडद्यावरच्या एवढ्या एका सेकंदासाठी ती बारा चित्रं काढायची. थोरलीच्या सेकंदात काढण्यासारखं एकही नव्हतं.

मधलीने चहा तसाच सोडला, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात थोरलीची चप्पल घालून ती जिना उतरली, आणि स्टुडिओचं दार उघडायच्या आधी पंधरा मिनिटं पायरीवर जाऊन बसली.

चूक कुठे झाली हे टेबलाशी बसल्यावर लख्ख दिसलं, आणि अशी चूक सबंध स्टुडिओत फक्त तीच करू शकत होती. शेळी चावते आहे हे एक मुख्य चित्र, शेळीने कडीकडे पाहिलं हे दुसरं. दोहोंच्या मध्ये जागा दिसली, आणि जागा दिसली की भरायची, ही सत्तावीस वर्षांची सवय. तिने अकरा चित्रं भरली होती. शेळीच्या डोक्यात जे काही घडायचं होतं त्याच्यासाठी बाईने जागाच ठेवली नव्हती.

तिने ती अकरा चित्रं गठ्ठ्यातून काढायला घेतली. पहिलं सहज निघालं. चौथ्यापाशी हात थांबला. फार सुंदर होतं ते, दाढीचा केस न् केस जागेवर. तिने ते परत ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मग स्वतःलाच एक दणदणीत शिवी घातली, जी इथे लिहिण्यासारखी नाही, आणि अकराच्या अकरा ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर गुडघ्याने बंद केला. त्यांच्या जागी एकच चित्र राहिलं: जबडा डावीकडे, डोळे समोर, तोंडातून बाहेर आलेली गवताची काडी हवेत तशीच. बारा चित्रांइतका वेळ तेच. मग फक्त बुबुळं कडीकडे. मग चावणं पुन्हा सुरू. आणि मग, चांगलं चावून गिळून झाल्यावर, शेळी उठते.

शुक्रवारी सकाळी तुकडा पडद्यावर लागला. मधलीला त्या खोलीत जायची बंदी, म्हणून ती जिन्यापाशी उभी राहून खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजत राहिली. दुपारी ध्वनिमुद्रक येऊन गेला. लिफ्टवाला लिफ्ट उघडी टाकून आत गेला आणि हसत बाहेर आला. चार वाजता कागदावर नऊ शब्द होते, त्यांत दोन "हुशार". बाकीच्यांनी "पक्की", "सासूबाई", असलं काहीबाही लिहिलं होतं. साडेचारला दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला, "रीत म्हणजे रीत, बाई. तीन म्हणजे तीन." आता लिहायचं कुणी उरलंच नव्हतं. मावशी तेवढ्या राहिल्या होत्या, दुपारभर दूध आणायला गेलेल्या. त्या आल्या. पण त्यांचा शब्द सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे ध्वनिमुद्रकाने दाराबाहेर उभ्या मधलीच्या पाठीवर हळूच हात ठेवला.

मावशींनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि तुकडा पाहिला. पुन्हा लावा म्हणाल्या. पुन्हा पाहिला. मग दोरीची पेन्सिल घेऊन त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं आणि दारातल्या गर्दीकडे वळल्या.

"काय बघताय? हिचं पोट भरलेलं आहे. ती भुकेसाठी नाही जात बाहेर. हिला कडीच काढायची आहे." आणि दूध तापवायला निघून गेल्या.

कागदावर तिसरं "हुशार" होतं. दिग्दर्शकाने ते दोनदा वाचलं आणि कोल्हेवाल्याला फोन करायला आत गेला. मधली मावशींमागे स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेली, काहीतरी आभाराचं बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि नुसतीच रडली. मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू मात्र उपाशी आहेस," त्या म्हणाल्या आणि तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

लघुपट पुरा व्हायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत एक नवी काळजी मधलीला कुरतडू लागली. शेळी आता थेट ताईच झाली होती. फक्त चावणं नाही, दार उघडल्यावर मान जराशी उंच करून बाहेर पडणं, मालकाला सोडवल्यावर त्याच्याकडे न बघता निघून जाणं, सगळं ताईचं. जिने आपल्यासाठी अठराव्या वर्षी टपालाच्या पिशव्या उपसल्या, तिची आपण शेळी केली. हे तिला सांगायचं कसं? आठ महिने मधलीने ते सांगितलं नाही. दर वेळी बोलायला जायची आणि थोरलीचं चावणं थांबायचं की विषय बदलायची.

पहिल्या खेळाला इमारतीतली निम्मी माणसं आली. शिंपी नवा सदरा शिवून आला. थोरली पुढून चौथ्या रांगेत, तोंडात खोकल्याची गोळी, मधलीच्या शेजारी. अंधार झाला. पडद्यावर अंगण आलं, कुंपण आलं, दाढीवाली शेळी चावत चावत आली. कडीपाशी तिचं चावणं थांबलं. जबडा डावीकडे. काडी हवेत. सगळं थिएटर गप्प झालं, आणि बुबुळं सरकली तशी एकदम हसत सुटलं.

मधलीने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती शेजारी पाहत होती. थोरलीच्या तोंडातली गोळी थांबली होती. जबडा डावीकडे. पापणी हलत नव्हती. मधलीने सवयीने मोजलं. बारा झाले. चोवीस झाले. इतका वेळ ताईला कधीच लागला नव्हता. मग फक्त डोळे फिरले आणि मधलीवर येऊन थांबले, आणि मधली फुलदाणीच्या वेळेसारखी खुर्चीत खाली सरकली.

गोळी पुन्हा कुडकुड वाजू लागली. थोरली पडद्याकडे वळली आणि उरलेली पाच मिनिटं तिने मान हलवली नाही. शेवटी अक्षरं आली, "शेळीची रचना" असं, आणि त्याखाली मधलीचं नाव. थोरलीने ते नाव अंधारात मोठ्याने वाचलं, आडनावासकट, पत्ता तपासून घ्यावा तसं. मग तिने मधलीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. 

"शेवटी काढलंस म्हणायचं माझं चित्र," ती म्हणाली.

"ताई, रागावलीस?"

थोरलीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि जरा विचार केला.

"बाकी सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "दाढी कुणाची घेतलीस तेवढं सांग."